जुन्या सीडी प्लेअरला यूएसबीची वाट

सीडी प्लेअर बंद पडला असं आपण म्हणतो, तेव्हा बहुतेक वेळा त्याचा एकच भाग थकलेला असतो. ट्रे आत जातो, डिस्क दोन-चार गिरक्या घेते आणि पडद्यावर ‘नो डिस्क’ ही अक्षरं उमटतात. लेसरचा जोर ओसरलेला असतो, भिंगावर बुरशी धरलेली असते, नाहीतर ट्रे ओढणारा रबरी पट्टा सैल पडलेला असतो. नाशिकला पावसाळ्यात हवेत ओल भरपूर असते, आणि ज्या प्लेअरला वर्षानुवर्षं कुणी हात लावलेला नाही त्याला ती बाधतेच. दुरुस्तीला नेला, तर एम. जी. रोडपासून शालिमारपर्यंत उत्तर साधारण एकच मिळतं : याचं पिकअप, म्हणजे लेसरचं हेड, आता येत नाही. मग प्लेअर माळ्यावर जातो आणि एखाद्या दिवाळीच्या साफसफाईत भंगारवाल्याच्या हाती लागतो.

त्याच्याबरोबर भंगारात काय काय जातं, ते पाहण्यासारखं आहे. उत्तम ट्रान्सफॉर्मर, काळजीपूर्वक आखलेला वीजपुरवठा, आकड्यांचा आवाज करणारी चिप, तो आवाज अ‍ॅम्प्लिफायरपर्यंत स्वच्छ नेणारं सर्किट आणि पत्र्याची भक्कम पेटी. यातलं बहुतेक सगळं शाबूत असतं. संगीत आता संगणकात आणि फोनमध्ये आकड्यांच्याच रूपात साठवलेलं आहे आणि या प्लेअरलाही आकडेच हवे असतात. ते त्याला लेसरकडून मिळण्याऐवजी यूएसबीच्या तारेतून मिळाले, तर तो पुन्हा गाऊ लागतो. हे कसं जमतं, कुठे अडतं आणि कुठे हात घालू नये, हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

गाणं तेच, वाहन वेगळं

नाशिकच्या श्रोत्याला माध्यमं बदलण्याची सवय जुनी आहे. पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांनी उत्तरायुष्यात नाशिकला आश्रम काढला. त्यांचे पुत्र दत्तात्रेय विष्णु, म्हणजे आपले बापूराव पलुस्कर, यांचं बालपण नाशिकमध्ये गेलं. १९२१ साली जन्मलेले बापूराव १९५५ मध्ये, वयाच्या चौतिसाव्या वर्षी गेले. त्यांचं गाणं आधी ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवर आलं. एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटं, तेवढ्यात राग उभा करायचा. तेच गाणं पुढे लाँगप्लेवर, मग कॅसेटवर, मग सीडीवर आणि आता फाइलमध्ये उतरलं. दर वेळी जुनं यंत्र अडगळीत गेलं, कारण तबकडीची सुई कॅसेट वाजवू शकत नव्हती आणि कॅसेटचं हेड सीडी वाचू शकत नव्हतं.

सीडीनंतरचा बदल मात्र वेगळ्या जातीचा आहे. सीडीवरचं गाणं आणि संगणकातली त्याची फाइल यांत आकड्यांचा फरकच नाही. सीडी नीट उतरवून घेतली, तर फाइलमध्ये अगदी तेच आकडे येतात. म्हणूनच जुन्या प्लेअरला नव्या काळाशी जोडता येतं. रेकॉर्ड प्लेअरला किंवा कॅसेट डेकला ही संधी कधी मिळाली नाही.

एका पेटीत दोन यंत्रं

सीडी प्लेअरमध्ये खरं तर दोन यंत्रं असतात. पहिलं यंत्र डिस्क वाचतं. ७८० नॅनोमीटर तरंगलांबीचा, डोळ्यांना जवळजवळ न दिसणारा लेसर १.६ मायक्रॉन अंतरावरच्या वळशांमधले खड्डे टिपतो. आतल्या कडेला डिस्क मिनिटाला सुमारे ५०० फेरे घेते आणि बाहेरच्या कडेला येईतो सुमारे २०० वर उतरते. वाचलेल्या खुणांमधल्या चुका दुरुस्त होतात आणि शेवटी हाती येतात ते आकडे : सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटांचा, डावा आणि उजवा असे दोन. गुणाकार केला तर सेकंदाला १४,११,२०० बिट.

दुसरं यंत्र या आकड्यांचा आवाज करतं. त्याचं काळीज म्हणजे डॅक, आकड्यांना विजेच्या दाबात उतरवणारी चिप. तिच्या आधी बहुधा एक डिजिटल फिल्टर असतो आणि तिच्यानंतर ऑपअ‍ॅम्प आणि गाळणीचं सर्किट.

पहिल्या यंत्रात फिरणारे, सरकणारे, झिजणारे भाग आहेत. दुसऱ्यात हलणारं काहीच नाही. त्यातले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सुकतात, पण ते बदलणं कुठल्याही रेडिओ मेकॅनिकला जमतं. म्हातारपण येतं ते बहुतांशी पहिल्या यंत्राला. आणि सुदैवानं या दोहोंच्या मध्ये एक उघडा सांधा आहे.

तीन तारांचा नियम

१ ऑक्टोबर १९८२ रोजी सोनीनं जपानमध्ये सीडीपी-१०१ हा प्लेअर बाजारात आणला. सीडीचं मानक सोनी आणि फिलिप्सनं मिळून ठरवलं होतं. फिलिप्सच्या हाती तेव्हा १४ बिटांची टीडीए १५४० ही चिप होती आणि सीडीवर तर १६ बिट होते. फिलिप्सच्या अभियंत्यांनी नमुन्यांचा वेग चौपट केला आणि हिशेबातली उरलेली चूक कानाला न ऐकू येणाऱ्या पट्ट्यात ढकलली. १४ बिटांच्या चिपमधून १६ बिटांच्या तोडीचं काम निघालं. पुढे १९८५ च्या सुमारास त्यांची टीडीए १५४१ आली. ती पूर्ण १६ बिटांची होती आणि डावा-उजवा दोन्ही बाजू एकाच चिपमध्ये होत्या.

या चिपचं दर्शन घेण्यासारखं आहे. फिलिप्स सीडी ६५० सारख्या प्लेअरचं झाकण काढलं की २८ पायांची ही लांबट काळी चिप दिसते आणि तिच्याभोवती छोट्या कपॅसिटरांची दाटी. डावीकडचे सात आणि उजवीकडचे सात असे चौदा कपॅसिटर केवळ एका युक्तीसाठी असतात. १६ बिटांचा डॅक करायचा, तर एकमेकींच्या नेमक्या निमपट असलेल्या विद्युतधारा लागतात, आणि सिलिकॉनवर इतकी काटेकोर वाटणी थेट कोरता येत नाही. म्हणून चिप जवळजवळ सारख्या असलेल्या धारांच्या जागा सतत अदलाबदल करत राहते. उणं-अधिक सरासरीत फिटतं आणि अदलाबदलीची लहर हे चौदा कपॅसिटर गिळतात. ही चिप आता बनत नाही. बाजारात तिच्या नावाखाली नकली मालही फिरतो. ज्याच्याकडे कारखान्यातून बसून आलेली चिप आहे, त्यानं ती जपावी.

आकडे एका चिपमधून दुसरीकडे कसे जावेत, याचा नियम फिलिप्सनं १९८६ मध्ये प्रसिद्ध केला. त्याचं नाव आयटूएस. त्याला तीन तारा पुरतात. एका तारेवर बिटांचा ठेका येतो, दर ठोक्याला एक बिट. दुसऱ्या तारेवर सांगितलं जातं की आता येणारा आकडा डाव्या बाजूचा आहे की उजव्या. तिसऱ्या तारेवर प्रत्यक्ष आकडे, सर्वांत मोठ्या किमतीचा बिट आधी. हा नियम इतका सुटसुटीत निघाला, की आजही ध्वनीशी संबंधित बहुतेक चिपा तोच बोलतात. मोबाइलमध्ये आयटूएस आहे, ब्लूटूथ स्पीकरमध्ये आहे आणि रास्पबेरी पायच्या पिनांवरही आहे. त्यामुळे आजचं यूएसबी कार्ड आणि १९८६ चा डॅक यांच्यात दुभाषा लागत नाही.

यूएसबीतून गाणं कसं येतं

यूएसबीची तार आयटूएस बोलत नाही. ती माहितीचे गठ्ठे पाठवते. साध्या वेगाच्या यूएसबीत दर मिलिसेकंदाला एक गठ्ठा निघतो. एका मिलिसेकंदात सीडीचे ४४.१ नमुने बसायला हवेत, आणि नमुना काही तोडता येत नाही. म्हणून नऊ गठ्ठ्यांत ४४-४४ नमुने आणि दहाव्यात ४५, असे दहा मिलिसेकंदांत बरोबर ४४१ नमुने पाठवले जातात. डॅकला मात्र नमुने असे झुंडीनं नको असतात. त्याला दर २२.६८ मायक्रोसेकंदाला एक नमुना हवा, आणि त्यात अंतर सूक्ष्मही हलता कामा नये. हे अंतर डळमळलं की आवाजात बारीक विकृती येते. जाणकार तिला जिटर म्हणतात.

झुंडीचा प्रवाह करण्याचं काम यूएसबी कार्ड करतं. ते आलेले नमुने एका स्मृतीत साठवतं आणि ठेक्यात बाहेर सोडतं. प्रश्न असा, की ठेका कुणाचा मानायचा. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीचा विचार करा. खालचा पंप आपल्या मर्जीनं पाणी चढवत राहिला, तर टाकी कधी भरून वाहील, कधी कोरडी पडेल, आणि हे टाळायचं तर नळ सतत कमी-जास्त करत बसावं लागेल. टाकीत फ्लोट बसवून पंपाची चालू-बंद कळ त्याला जोडली, की नळ एकसारखा वाहतो आणि पंप पातळीप्रमाणे चालतो. जुनी, स्वस्त यूएसबी कार्डं पहिल्या पद्धतीची असतात. पीसीएम २७०६ सारखी चिप संगणकाच्या वेगामागे आपला ठेका ओढत नेते. नव्या कार्डांत फ्लोटची सोय असते. कार्डावरच्या क्रिस्टलचा ठेका कायम राहतो आणि कार्डच संगणकाला कळवतं, जरा जास्त पाठव किंवा कमी पाठव. या दुसऱ्या पद्धतीला असिंक्रोनस म्हणतात. जुन्या चांगल्या डॅकसाठी खर्च करायचाच असेल, तर इथे करावा. कार्डावर दोन वेगळे क्रिस्टल आहेत का ते पाहावं : ४४.१ किलोहर्ट्झच्या कुळासाठी २२.५७९२ मेगाहर्ट्झचा किंवा त्याच्या दुपटीचा, आणि ४८ च्या कुळासाठी २४.५७६ चा किंवा त्याच्या दुपटीचा.

जोड नेमका कुठे द्यायचा

सर्वांत सोपा मार्ग म्हणजे यूएसबीचं तयार डॅक कार्ड प्लेअरच्या पेटीत बसवायचं आणि त्याचा आवाज रिलेनं मागच्या आरसीए जॅकवर आणायचा. गाणं वाजतं, पण त्यात जुन्या प्लेअरची फक्त पेटी वापरली जाते. ज्या डॅकसाठी हा खटाटोप, तो गप्पच राहतो.

खरा जोड द्यायच्या दोन जागा आहेत. फिलिप्सच्या घराण्यातल्या प्लेअरमध्ये आकडे असे जातात : डिस्कवरची खूण उलगडणारा डीकोडर एसएए ७२१०, मग नमुने चौपट करणारा डिजिटल फिल्टर एसएए ७२२०, मग टीडीए १५४१. यूएसबीचे आकडे फिल्टरच्या आधी देता येतात किंवा फिल्टर आणि डॅक यांच्या मध्ये.

फिल्टरच्या आधी दिले, तर प्लेअरचा मूळ आवाज जसाच्या तसा मिळतो. पण एसएए ७२२० स्वतःच्या ११.२८९६ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलवर चालतो आणि येणारे आकडेही त्याच ठेक्यात यावेत, अशी त्याची अट असते. यूएसबी कार्डाचा क्रिस्टल वेगळा. दोन क्रिस्टल कितीही चांगले असले तरी नेमके सारखे नसतात, मग दर काही वेळानं एखादा नमुना निसटतो आणि टिचकीसारखा आवाज येतो. उपाय म्हणजे कार्डाचाच ठेका फिल्टरला देणं. परंतु एसएए ७२१० ला लागणारा ठेकाही याच फिल्टरकडून जातो. तेव्हा सीडी वाजवण्यासाठी मूळ क्रिस्टल परत जोडण्याची व्यवस्था करावी लागते. हे काम अनुभवी हाताचं आहे.

दुसरी जागा सोपी. टीडीए १५४१ ला स्वतःचा क्रिस्टल नसतो. जो ठेका तारेवर येईल, तोच तो मानतो. पाय क्रमांक १ वर डावं-उजवं, २ वर बिटांचा ठेका आणि ३ वर आकडे. एवढ्या तीन तारा बदलल्या की झालं. मात्र फिल्टर वगळल्याची किंमत मोजावी लागते. ४४.१ किलोहर्ट्झचे नमुने थेट दिले, तर २० किलोहर्ट्झपाशी आवाज सुमारे ३.२ डेसिबलनं खाली येतो, आणि २४ किलोहर्ट्झपासून पुढे आवाजाच्या नको असलेल्या सावल्या उमटतात. प्लेअरमधली शेवटची गाळणी चौपट नमुन्यांच्या हिशेबानं आखलेली असल्यामुळे ती या सावल्या अडवत नाही.

इथे संगणकाची ताकद कामी येते. फिल्टरचं काम आता सॉफ्टवेअर करू शकतं, तेही एसएए ७२२० पेक्षा अधिक बारकाईनं. पण चौपट करावं म्हटलं तर हिशेब आडवा येतो. टीडीए १५४१ए, म्हणजे याच चिपची पुढची आवृत्ती, बिटांचा ठेका ६.४ मेगाहर्ट्झपर्यंतच मानतो. आजची बहुतेक कार्डं एका नमुन्याच्या जोडीला ६४ ठोके खर्चतात. १७६.४ किलोहर्ट्झला ६४ नं गुणलं तर ११.२९ मेगाहर्ट्झ होतात, म्हणजे मर्यादेबाहेर. ८८.२ ला गुणलं तर ५.६४, मर्यादेत. ९६ किलोहर्ट्झलाही ६.१४, म्हणजे जेमतेम आत. म्हणून सीडीच्या फाइलींसाठी सॉफ्टवेअरला दुप्पट, म्हणजे ८८.२ वर न्यायला सांगावं. २० किलोहर्ट्झवरची घट मग पाऊण डेसिबलवर येते आणि सावल्या ६८ किलोहर्ट्झच्या पलीकडे जातात. माझ्या मते घरच्या घरी करण्यासारखा हाच मार्ग आहे.

सॉफ्टवेअरमध्ये आणखी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्या. चिप १६ बिटांची आहे, म्हणून २४ बिटांची फाइल सॉफ्टवेअरनंच नीट १६ बिटांवर आणून द्यावी, नाहीतर चिप उरलेले बिट सरळ छाटून टाकते. आणि संगणकातला आवाज पूर्ण ठेवावा. दर सहा डेसिबल कमी केले, की सोळातला साधारण एक बिट हातचा जातो. आवाज लहान-मोठा करायचं काम अ‍ॅम्प्लिफायरचं.

एका चिपची निवड

मूळ सीडी आणि नवी यूएसबी यांच्यात अदलाबदल करायला कळ लावायची, तर लांब तारा ओढून समोरच्या पट्टीवर साधा स्विच बसवू नये. आयटूएस हे एकाच पीसीबीवरच्या शेजारी चिपांसाठी आखलेलं आहे. तारा दहा सेंटिमीटरच्या आत असाव्या, प्रत्येक तारेला ग्राउंडच्या तारेचा पीळ द्यावा आणि सुरुवातीला ४७ किंवा १०० ओहमचा रेझिस्टर बसवावा.

अदलाबदलीचं काम ७४ मालिकेतली १५७ क्रमांकाची चिप करते. तिच्यात चार मार्ग असतात आणि प्रत्येक मार्गाला दोन वाटांमधली एक निवडता येते. आपल्याला तीनच लागतात. समोरचा स्विच मग फक्त त्या चिपला एक इशारा देतो, आकडे त्याच्यातून जातच नाहीत. पण दुकानात १५७ मागताना मधली अक्षरं नीट सांगावी. एचसी जातीची चिप ५ व्होल्टवर चालवली, तर तिला ‘एक’ ओळखायला साधारण साडेतीन व्होल्ट लागतात. यूएसबी कार्ड मात्र ‘एक’ म्हणून ३.३ व्होल्ट पाठवतं. मग कधी वाजतं, कधी अडखळतं, आणि दोष कुठे आहे ते सापडत नाही. एचसीटी जातीची चिप दोन व्होल्टवरच ‘एक’ मानते. ७४एचसीटी१५७ आणली की प्रश्न मिटतो. एका अक्षराच्या फरकानं सगळी संध्याकाळ वाया जाऊ शकते, आणि भाग काही रुपयांचा. नाशिकला मिळाला नाही, तर पुण्याच्या बुधवार पेठेत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळतो.

सगळं जोडलं, तरी आवाज नाही

या कामात हमखास येणारा अनुभव असा : तारा बरोबर, ठेका बरोबर, तरी स्पीकर गप्प. कारण प्लेअरच्या मेंदूला वाटतं की डिस्क नाही, मग आवाज कशाला? गाणं सुरू नसताना खरखर बाहेर जाऊ नये म्हणून तो ट्रान्झिस्टर किंवा रिलेनं आउटपुट दाबून धरतो. सर्व्हिस मॅन्युअलमध्ये ‘म्यूट’ किंवा ‘किल’ असं लिहिलेली रेघ शोधावी आणि यूएसबी निवडलेली असताना तिचा हुकूम थांबवण्याची सोय करावी. सीडी निवडली की मूळ व्यवस्था परत यायला हवी. कळ फिरवताना अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज खाली आणायची सवय मात्र ठेवावी.

दुसरी तक्रार गुणगुणीची. संगणक अर्थिंगशी जोडलेला, अ‍ॅम्प्लिफायर दुसऱ्या सॉकेटवर, आणि यूएसबीची तार दोघांची ग्राउंड एकत्र आणते. मग पन्नास हर्ट्झची गुणगुण किंवा माउस हलवला की येणारी किरकिर ऐकू येते. यूएसबी कार्ड आणि डॅक यांच्यात आयसोलेटर चिप घातली, तर आकडे पलीकडे जातात पण विजेची थेट वाट तुटते. आयसोलेटर बसवायचा, तर त्याच्या डॅककडच्या बाजूला प्लेअरमधूनच नियंत्रित ५ व्होल्ट द्यावे.

तिसरी गोष्ट फक्त काही जुन्या डिस्कना लागू. ऐंशीच्या दशकातल्या थोड्या सीडींवर उंच स्वर मुद्दाम उचलून नोंदवलेले असतात. प्लेअर डिस्कवरची खूण वाचून ते खाली आणतो. यूएसबीतून ती खूण येत नाही. अशा सीडीची फाइल करतानाच सॉफ्टवेअरमध्ये ही दुरुस्ती करून घ्यावी, नाहीतर गाणं कर्कश वाटतं.

प्रत्येक प्लेअर फिलिप्स नसतो

अनेक जपानी प्लेअर आयटूएसच्या जवळचा, पण वेगळा रिवाज पाळतात. आयटूएसमध्ये डावं-उजवं बदलल्यानंतर एक ठोका सोडून आकडा सुरू होतो. जपानी रिवाजात आकडा आपल्या जागेच्या शेवटाला टेकवलेला असतो. ३२ ठोक्यांच्या जागेत १६ बिटांचा नमुना आयटूएसनं पाठवला आणि समोरची चिप शेवटचे १६ ठोके वाचणारी असली, तर तिला गाणं मिळतच नाही, ऐकू येते ती नुसती खरखर. अशा वेळी कार्डाचा रिवाज बदलता येतो का ते पाहावं किंवा मध्ये आकडे मागे सरकवणारं छोटं सर्किट घालावं.

नव्वदीच्या दशकात डीकोडर, फिल्टर आणि डॅक एकाच चिपमध्ये सामावू लागले. त्या प्लेअरमध्ये सांधा चिपच्या आत गाडला गेला. तिथे हात घालायला जागाच नाही. म्हणून प्लेअर उघडण्याआधी त्याचं सर्व्हिस मॅन्युअल मिळवावं आणि आत कुठल्या चिपा आहेत ते वाचावं. मॅन्युअल मिळालं नाही, तर ऑसिलोस्कोप हाच वाटाड्या : डॅकच्या पायावर ४४.१ किंवा १७६.४ किलोहर्ट्झचा चौकोनी ठेका दिसला की डाव्या-उजव्याची तार सापडली.

हात घालण्याआधी

ही पेटी २३० व्होल्टवर चालते आणि ट्रान्सफॉर्मरच्या आधीचे जोड उघडे असू शकतात. प्लग काढून, मोठे कपॅसिटर रिकामे होऊ देऊन मगच काम करावं. जपानहून किंवा अमेरिकेहून आलेला प्लेअर १०० किंवा ११७ व्होल्टचा असू शकतो. तो थेट आपल्या सॉकेटला लावला, तर ट्रान्सफॉर्मर जळतो. चालू प्लेअरच्या भिंगात डोकावू नये. लेसर जवळजवळ दिसत नाही म्हणूनच त्याची भीती जास्त, कारण पापणी मिटत नाही.

पीसीबीवरच्या रेघा कापू नयेत. फिल्टर आणि डॅक यांच्यात बहुधा छोटे रेझिस्टर किंवा जोडतारा असतात. त्यांचं एक टोक डीसोल्डर करून उचलावं आणि तिथून मार्ग वळवावा. उद्या कुणाला मूळ प्लेअर हवा झाला, तर ते टोक परत डाखता आलं पाहिजे. कामाआधी दोन्ही बाजूंचे फोटो काढावे, कुठली तार कुठे गेली हे कागदावर लिहून तो कागद झाकणाच्या आत चिकटवावा. पुढच्या मेकॅनिकला याहून मोठी मदत नाही. ज्याच्या हाताला सोल्डरिंगची सवय नाही, त्यानं आधी जुन्या, निकामी पीसीबीवर सराव करावा. आणि ज्याचा प्लेअर सीडी अजून उत्तम वाजवतो, त्यानं घाई करू नये. भिंग पुसून आणि पट्टा बदलून तो आणखी काही वर्षं चालेल.

उघड्या नियमाचं फळ

एवढा उद्योग करण्यापेक्षा नवा डॅक विकत घ्यावा, असं कुणी म्हणेल. नवा डॅक छोटा असतो, चांगला असतो आणि मोजमापात टीडीए १५४१ ला मागे टाकतो, हे मान्य करायलाच हवं. पण नव्या उपकरणाबरोबर जुन्याचा कचराही जन्माला येतो. इलेक्ट्रॉनिक कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून देशभर लागू आहेत. ते मुख्यतः वस्तू मोडून तिच्यातला धातू परत मिळवण्याविषयी बोलतात. चालू शकणारी वस्तू चालू ठेवणं ही त्याआधीची पायरी आहे, आणि ती आपल्या हातात आहे. शिवाय हे काम शिकवतं फार. सीडी प्लेअरचा एक जोड स्वतः दिला, की नमुना, बिट, ठेका, फिल्टर, ग्राउंड हे पुस्तकातले शब्द हाताला कळतात. सातपूरच्या आयटीआयमधल्या किंवा सामनगावच्या शासकीय तंत्रनिकेतनातल्या मुलांना प्रकल्प म्हणून देण्याजोगं याहून चांगलं काम मला सुचत नाही : भंगारातून आणलेला प्लेअर, थोडकी सामग्री आणि शेवटी खरोखर ऐकू येणारं गाणं.

आज बाजारात येणाऱ्या बहुतेक उपकरणांची सर्किटं ग्राहकाला मिळत नाहीत आणि झाकणं चिकटवलेली असतात. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं, म्हणजे दुरुस्तीची माहिती हा ग्राहकाचा हक्क आहे हे निदान तत्त्वतः मान्य झालं. त्या हक्काचा खरा अर्थ काय, हे हा जुना प्लेअर दाखवून देतो. फिलिप्सनं तीन तारांचा नियम गुपित ठेवला नाही, चिपांच्या पायांचे नकाशे छापले आणि सर्व्हिस मॅन्युअलमध्ये प्रत्येक रेझिस्टरचं मूल्य दिलं. त्या अभियंत्यांना यूएसबी माहीतही नव्हती, कारण ती आली १९९६ मध्ये. तरीही त्यांच्या यंत्राला ती जोडता येते, ती केवळ त्या कागदांमुळे. म्हणून पुढचं उपकरण घेताना दुकानदाराला किंमत आणि वॉरंटीच्या जोडीनं हेही विचारावं, की याचं सर्व्हिस मॅन्युअल मिळतं का. पुरेशा गिऱ्हाइकांनी विचारलं, तर कंपन्यांना ते छापावं लागेल.